ओट्यावर कोण येतं

घराच्या पुढच्या पायऱ्यांना कठडा नको, असं माझं मत होतं. ते मी मनात दडवून ठेवलं नव्हतं. घरात, माहेरी, शाळेतल्या शिक्षिकांमध्ये ठासून सांगत असे. आज ते मत राहिलेलं नाही. आमच्या पायऱ्यांवर लोखंडी पाईपचा कठडा उभा आहे आणि तो मीच आग्रहाने बसवून घेतला. हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी जुनं मत नीट मांडायला हवं. त्यातला बराच भाग मला अजूनही खरा वाटतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. जमीन काळी, भारी. पावसाळ्यात अंगणात चिखल माजतो, म्हणून जोतं उंच घ्यावं लागतं. आमचं जवळजवळ तीन फूट आहे. पुढे ओटा, आणि ओट्यावरून अंगणात उतरणाऱ्या सहा फूट रुंद काँक्रीटच्या पायऱ्या. आमच्याकडे या पायऱ्या नुसत्या चढाउतरायच्या नसतात. वावरातून आलेला माणूस आधी तिथे टेकतो, पाणी मागतो, मग आत येतो. मुलं अभ्यासाला तिथेच बसतात. शेंगा सोलणं, तुरी पाखडणं, भांडणं, समेट, सगळं पायरीवर. अशा जागेवर लोखंड उभं करणं म्हणजे तिला कुंपण घालणं, असं मला वाटायचं. यवतमाळच्या नव्या वसाहतींत चकचकीत स्टीलचे, मध्ये काचा लावलेले कठडे दिसतात. तिथे पायरीवर कुणी निवांत बसलेलं मी पाहिलं नाही. मग आपल्या घराला हे कशाला?

दुसरं कारण कापसाचं. भाव चढेल या आशेने समोरच्या खोलीत कापूस साठवून ठेवणारी घरं आमच्या जिल्ह्यात आजही पुष्कळ आहेत, आमचंही त्यातलंच. माणसापेक्षा मोठी गाठोडी डोक्यावर घेऊन मजूर याच पायऱ्या चढतात. मध्ये काही आलं की गाठोडं अडकणार, हे माझ्या दिरांचं म्हणणं मला पटत होतं.

तिसरं कारण सासूबाईंचं होतं आणि तेच सगळ्यांत वजनदार. सत्तरी ओलांडल्यावरही त्या कुणाचा हात न धरता पायऱ्या उतरत. त्याचा त्यांना अभिमान होता. आता कठडा लावला तर घरात म्हातारं माणूस आहे याची दारावर पाटी लागेल, आणि ती त्यांना रोज वाचावी लागेल, असं मला वाटे. त्यांचा मान राखायचा तर पायऱ्या जशा आहेत तशाच ठेवाव्यात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

या समजुतीला पहिला धक्का माहूरला बसला. माहूरगड आमच्या जिल्ह्याला लागूनच, नांदेड जिल्ह्यात. रेणुकेच्या पायऱ्या चढताना मी आजूबाजूला पाहत होते. कठड्याला धरून चढणाऱ्यांत म्हातारी माणसं होतीच, पण नवी जोडपी होती, कॉलेजातली पोरं होती, कडेवर मूल घेतलेल्या बाया होत्या. मीही धरलाच होता. तिथे त्या दांड्याला हात लावताना कुणाला आपलं वय आठवत नव्हतं. कळंबला चिंतामणीच्या देवळात तर पायऱ्या उतरून खाली जावं लागतं; तिथेही हात आपोआप आधार शोधतो आणि त्यात कमीपणा कुणी मानत नाही. मग घराच्या पायरीवर तोच आधार म्हातारपणाची खूण कसा होतो? देवाच्या पायरीवर सगळ्यांचा असलेला कठडा आपल्या दारात फक्त दुबळ्यांचा मानला जातो, तो आपण तसा मानतो म्हणून. सासूबाईंच्या मानाची काळजी मी करत होते खरी, पण तो मान जाण्याची भीती माझ्याच नजरेतून आलेली होती.

तरीही मत बदललं नाही, फक्त सैल झालं. ते पुरतं बदललं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. सासूबाईंच्या बरोबरीच्या, उभा जन्म निंदण-खुरपणात गेलेला, दोन्ही गुडघे धरलेले. त्या आल्या, अंगणात उभ्या राहिल्या आणि वाण तिथेच मागितलं. मी म्हटलं, "काकू, वर या नं, सगळ्या बसल्या आहेत." त्या म्हणाल्या, "नाही व बाई, इथंच बरी हाय मी. चढीन बी एखांद्या वक्ती, पण उतरताना धराले काही नाही नं तुमच्या इथं."

मी त्यांना खाली जाऊन हळदीकुंकू लावलं. मग आठवू लागले. काकू आमच्या ओट्यावर शेवटच्या कधी बसल्या होत्या? आठवेना. आणि त्या एकट्याच नव्हत्या. पलीकडच्या आळीतल्या आजी रोज कडुनिंबाखाली उभ्या राहून बोलतात आणि निघून जातात. सासूबाईंची एक मैत्रीण दारावरून जाताना हाक मारते, थांबत नाही. यांना घाई आहे, संकोच आहे, असं मी धरून चालले होते. ओटा सर्वांसाठी मोकळा राहावा म्हणून मी कठड्याला नाही म्हणत होते, आणि त्या मोकळ्या ओट्यावर येणारी माणसं एकेक करून खालीच थांबू लागली होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. सर्वाधिक धोका साठीपुढच्यांना. हे मी नंतर वाचलं, आणि ते महत्त्वाचंच आहे. पण आमच्या पायऱ्यांवर कुणी पडलं नव्हतं. पडण्याच्या भीतीने कुणी येतच नसेल, तर पायरीला बोल लागत नाही. ती निर्दोष दिसत राहते.

काकूंचं "उतरताना" मी धरून ठेवलं. यवतमाळच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारलं तर त्यांनी फार नेमकं समजावलं. चढताना माणूस पुढे झुकलेला असतो, समोरची पायरी डोळ्यांपुढे असते, तोल गेला तरी हात टेकता येतात. उतरताना खालची पायरी नीट दिसत नाही आणि सगळं वजन वाकलेल्या एका गुडघ्यावर तोलून हळूहळू खाली सोडावं लागतं. मांडीचे स्नायू दुबळे झाले की हे सोडणंच जमत नाही. म्हणून त्या रुग्णांना शिकवतात की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कायम कठड्यावर. मग त्यांनी असा एक प्रश्न विचारला, ज्याचा मी विचारच केला नव्हता. "कोणत्या बाजूला लावणार?"

लकव्यात उजवी बाजू गेलेल्या माणसाला डावाच हात असतो. कठडा चढताना त्याच्या डाव्या बाजूला असेल तर तो वर जाईल, पण उतरताना तोच कठडा उजवीकडे येतो. वर नेणारी आणि खाली न आणणारी पायरी काय कामाची? म्हणजे दोन्ही बाजूंना कठडे हवेत. पण दोन्ही कडा बंद झाल्या की बसायची जागा गेली, ओटा पिंजऱ्यात गेला. माझं जुनं मत इथे पुन्हा उभं राहिलं आणि मला ते सोडायचं नव्हतं.

उत्तर त्या बाईंनीच दिलं, अगदी सहज. पायऱ्या सहा फूट रुंद आहेत ना? मग कठडा कडेला लावूच नका, आत घ्या. मध्ये एकच कठडा असेल तर त्याच्या या बाजूने चढा, त्या बाजूने उतरा. ज्याचा जो हात चालतो त्या हाताला आधार मिळतो. दोन्ही कडा बसायला मोकळ्या राहतात. गाठोड्यांची अडचण उरली होती, तर आम्ही बरोबर मधोमध न घेता एका बाजूला दोन फूट आणि दुसरीकडे चार फूट ठेवले. दिरांनी स्वतः टेप धरून चार फूट मोजले आणि होकार दिला. इतक्या साध्या गोष्टीने माझी निम्मी हरकत मिटेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढचं काम मात्र साधं नव्हतं, आणि त्याविषयी मला विस्ताराने लिहायचंय. आपल्याकडे कठडे दिसण्यासाठी बनतात, धरण्यासाठी क्वचित.

गावातल्या वेल्डिंगवाल्याने पहिल्याच भेटीत तोडगा दिला. "मॅडम, पायरी फोडून पाईप फूटभर गाडून देतो. हत्ती बांधला तरी हालत नाही." पहिल्या वर्षी हलणार नाही, हे खरं. पण गाडलेल्या पाईपच्या बुडाशी, जिथे लोखंड काँक्रीटमध्ये शिरतं, तिथे बारीक फट राहते. पावसाचं पाणी तिच्यात मुरतं, रंगाचा ब्रश तिथे पोचत नाही, आणि लोखंड आतून गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो फुगला की काँक्रीट तडकतं, तड गेली की आणखी पाणी. आमच्या भागातल्या जुन्या कठड्यांचे खांब बुडाशीच कुजून कातर झालेले दिसतात, वरचा पाईप धडधाकट असतो. म्हणून खांबाच्या तळाला जाड लोखंडी प्लेट वेल्ड करून ती बोल्टांनी पायरीवर बसवायची, असं ठरलं. प्लेट डोळ्यांपुढे राहते, रंगवता येते, उद्या गरज पडली तर काढता येते.

बोल्टांवर किती ताण येतो याचा हिशेब माझ्या इंजिनिअर भाच्याने कागदावर मांडून दाखवला. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत कठड्यावर कुठेही २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलोंचा भार पेलला गेला पाहिजे अशी अट असते. तोल गेलेला माणूस एवढा सहज ओढतो. ही ओढ जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर लागते आणि तळाचे बोल्ट एकमेकांपासून जेमतेम दहा सेंटीमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने ९० किलोंचे खाली आठशेच्या आसपास होतात, तेही दोन बोल्टांवर. कठडा वरून कितीही भक्कम दिसो, त्याची परीक्षा तळाशी होते. तिथे प्लास्टिकचे गुल्ले ठोकून स्क्रू पिळलेले कठडे मी पाहिले आहेत. हलक्या धक्क्याने ते डुलतात, आणि डुलणारा कठडा नसलेल्या कठड्याहून वाईट, कारण माणूस त्याच्या भरवशावर वजन टाकतो.

आवळल्यावर भोकात फुगणारे फास्टनर पायरीच्या कडेजवळ काँक्रीटची कोर फोडू शकतात. म्हणून प्लेट शक्य तेवढी मागे, वरच्या पायरीकडे सरकवली आणि भोकात रसायन भरून बसवायचे बोल्ट घेतले. ते फुगत नाहीत, चिकटतात. पण भोक पाडल्यावर आतली भुकटी ब्रशने आणि हवेने पूर्ण काढावी लागते, नाहीतर रसायन धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. इथे मी स्वतः उभी राहिले. वेल्डिंगवाल्याला आधी हे फाजील वाटलं. मग त्यालाच त्यात रस आला आणि प्रत्येक भोक तो पुन्हा पुन्हा साफ करू लागला. एक गोष्ट आधी तपासावी लागते. पुष्कळ घरांच्या 'काँक्रीटच्या' पायऱ्या प्रत्यक्षात विटांच्या असतात, वरून सिमेंटचा गिलावा. विटेत असा बोल्ट टिकत नाही. तिथे खांबासाठी पायरीलगत जमिनीत काँक्रीटचा वेगळा पाया घेणं बरं.

काळ्या मातीचं भान ठेवावं लागतं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरच्या पायऱ्या घराच्या पायापासून थोड्याथोड्या सुटत जातात. आमच्याकडे ओटा आणि पायऱ्या यांच्यात बोट जाईल एवढी फट पडलेली आहे. कठड्याचं एक टोक भिंतीला आणि दुसरं पायरीला जखडलं तर दरवर्षी कुठेतरी काहीतरी ओढलं जाणार. म्हणून सगळे खांब पायऱ्यांवरच घेतले; वरचं टोक ओट्यावर फूटभर नुसतं पुढे आलेलं आहे, कशालाही जोडलेलं नाही.

आता पाईप. दुकानात सगळे दीड इंची सुचवतात. पण पाईपचा तो इंच आतल्या पोकळीवरून ठरतो. दीड इंची पाईप बाहेरून ४८ मिलिमीटरचा भरतो, सव्वा इंची ४२ मिलिमीटरचा. काकूंची बोटं सव्वा इंचीभोवती पूर्ण मिटली, दीड इंचीभोवती नाही. सार्वजनिक इमारतींसाठीच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांतही साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर जाडीच सांगितली आहे. स्टील मी घेतलं नाही. बाजारात २०२ आणि ३०४ या दोन प्रती चालतात. २०२ मध्ये निकेल कमी, त्यामुळे उघड्यावर तिच्यावर डाग चढतात. लोहचुंबक लावून पारख करायला गेलं तर तो सहसा दोन्हींना चिकटत नाही. जीआय पाईप घेतला. त्याला वेल्डिंग करताना सांध्याजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढावा लागतो, कारण त्याचा धूर अंगाला बाधतो आणि ताप आणतो. वेल्डिंग झाल्यावर त्या उघड्या जागी जस्ताचा रंग लावायचा. हे काम वेल्डिंगवाले बहुतेक वेळा वगळतात आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

उंची कागदावरून ठरवली नाही. आधी बांबू बांधून पाहिला. सासूबाई, काकू, मी, धाकटी जाऊ, सगळ्याजणी धरून चढलो-उतरलो. बांबू वरखाली सरकवत पायरीच्या कडेपासून ३४ इंचांवर सगळ्यांचे हात स्थिरावले. खालचं टोक शेवटच्या पायरीच्या पुढे एक फूट नेलं. शेवटच्या पायरीशीच हात सुटला तर जमिनीवरचं पाऊल निराधार पडतं, आणि आमच्या अंगणात दर दोन-तीन वर्षांनी मुरूम पडत असल्याने ती पायरी इतरांपेक्षा नेहमीच कमी उंचीची असते. पावलाचा अंदाज तिथेच चुकतो. टोक खाली वळवून बंद केलं, नाहीतर उघड्या पाईपमध्ये पदर अडकतो. मध्ये गोळे, फुलं, नक्षी काही नाही. हात वरून खालपर्यंत न उचलता सरकत गेला पाहिजे, बांगड्या कुठे अडता कामा नयेत.

मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. उन्हातलं लोखंड तेव्हा धरवत नाही. आमच्या पायऱ्यांवर दुपारनंतर कडुनिंबाची सावली येते, म्हणून फिका रंग देऊन भागलं. सावली नसेल तिथे लोखंडी पट्टीवर सागाची गोल मूठ बसवावी. सागाला आपला जिल्हा काही परका नाही. लाकूड तापलं तरी हाताला तेवढं भाजत नाही. वर्षातून एकदा जवसाचं तेल पाजलं की उन्हापावसात बरंच टिकतं.

आता आमच्या पायरीवर माणसं बसतात का? बसतात. कडा मोकळ्याच आहेत. पोरं खांबाला टेकून बसतात, एवढाच फरक. सासूबाईंनी पहिले काही दिवस कठड्याला हात लावला नाही. मग पावसात एकदा लावला, आणि आता कोरड्यातही लावतात. त्याविषयी आम्ही दोघी काही बोललो नाही. काकू संध्याकाळी वर येऊन बसतात आणि सासूबाईंशी कशावरून तरी वाद घालतात. काचेच्या, चकचकीत कठड्यांविषयी मात्र माझं मत होतं तेच आहे. ते धरण्यासाठी नाहीत.

खालचा, लहान मुलांच्या उंचीचा एक आडवा पाईप अजून व्हायचाय. तान्ह्या पोळ्याला गावातली चिमुकली आपले लाकडी बैल ओढत दारोदार येतात. दोरी एका हातात असते आणि दुसरा हात पायरीवर टेकत ती वर चढतात. त्यांना ३४ इंचांचा काही उपयोग नाही. सत्तावीस इंचांवर दुसरा पाईप पोळ्याआधी लावायचं वेल्डिंगवाल्याने कबूल केलंय.

घरातलं हे काम संपत आलं तशी गावातल्या बाकीच्या पायऱ्यांकडे नजर जाऊ लागली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला. सार्वजनिक इमारतींत सर्वांना वावरता यावं, अशी त्याची अपेक्षा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, किमान काही नियम बंधनकारक हवेत. घरांची गोष्ट वेगळी. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात मूळ योजनेनुसार १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यात पाया, भिंती, छप्पर होतं आणि पायऱ्यांपर्यंत येता येता पैसा संपतो. पुष्कळ घरकुलांपुढे दगड रचूनच पायऱ्या केलेल्या असतात. तिथे कठड्याची अपेक्षा कुणाकडून करायची? पण ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. त्यातून गावातल्या सार्वजनिक पायऱ्यांना कठडे बसवता येतील का, असा लेखी प्रश्न मी ग्रामसभेला दिलाय. आरोग्य उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी बाया एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात मोठं पोर धरून उतरतात. ग्रामपंचायतीच्या पायऱ्या पावसात शेवाळतात. सगळ्यांत उंच आणि वेड्यावाकड्या पायऱ्या रेशन दुकानाच्या आहेत, आणि तिथून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या एका हातात धान्याची पिशवी असते. सुरुवात तिथून करावी, असं मी अर्जात लिहिलंय, आणि सव्वा इंची पाईपच घ्यावा, हेही.